मुक्या जिवाचें पोटांतलें दुखणें

घरांतील माणूस आजारी पडलें म्हणजे तें आपलें दुखणें सांगतें. तान्हें मूल बोलत नाहीं, तरी रडतें. कुत्रें व मांजर यांची गोष्ट मात्र निराळी आहे. पाय मोडला तर तीं लंगडतात, जखम झाली तर चाटतात. पण यकृत, मूत्रपिंड, हृदय, स्वादुपिंड यांपैकीं एखादें इंद्रिय आंतून झिजूं लागलें, तर तीं तें दुखणें शक्य तितके दिवस लपवूनच ठेवितात. रानांत दुबळा दिसणारा प्राणी प्रथम मारला जातो. तेव्हां दुखणें झांकण्याची ही संवय त्यांच्या रक्तांतच मुरलेली आहे. 'परवांपर्यंत तर चांगलें होतें हो!' असें आपण जेव्हां म्हणतों, तेव्हां आंतला रोग पुष्कळदां कित्येक महिन्यांचा जुना असतो.

हा विषय आम्ही आज हातीं घेतला आहे, तो शिंदखेड्यासारखें तालुक्याचें गांव डोळ्यांपुढें ठेवून. धुळे जिल्ह्यांत तापीच्या दक्षिणेस हा तालुका पसरला आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग या गांवावरून जातो. मुलूख कापसाचा, ज्वारी-बाजरीचा व कडक उन्हाचा; वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर सहज चढतो. येथल्या घरांत गाय-बैलांच्या दुखण्याचें ज्ञान पिढीजात आहे. फऱ्या, घटसर्प, पोटफुगी हीं नांवें शाळेचें तोंड न पाहिलेल्या आजीबाईलाही ठाऊक असतात. पण ओसरीवरच्या कुत्र्याला मधुमेह होतो, माजघरांतल्या मांजराचें हृदय निव्वळ दूधभातानें खंगतें, असें सांगितलें तर शिकलेलीं माणसेंही हंसतात. त्या हंसण्यापायीं वांचण्याजोगे किती जीव हकनाक जातात, हेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

घांस आला, वैद्य आला नाहीं

मुक्या जिवाची काळजी ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ म्हणजे गृहस्थानें स्वतः जेवण्यापूर्वीं इतर जीवांचा वांटा काढून ठेवणें. कावळा, कुत्रा, गाय हे सारे त्यांत येतात. महाभारतांत धर्मराजानें बरोबरच्या कुत्र्याला सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख आहे. शालिहोत्राचें अश्वशास्त्र व पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हे ग्रंथही आपल्याच देशांत झाले. परंतु घोडा व हत्ती हीं राजाचीं वाहनें, आणि गाय-बैल हें शेतकऱ्याचें भांडवल; त्यांच्यासाठीं शास्त्र जन्मास आलें. कुत्र्या-मांजराच्या वांट्याला घांस आला, वैद्य सहसा आला नाहीं.

अर्वाचीन काळांतही क्रम हाच राहिला. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत सरकारी हुकुमानें मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम चालूं होती. त्यावरून पारशी समाज खवळला व शहरांत दंगा झाला. पुढें दोन वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ निघाली. पण पांजरपोळ म्हणजे आसरा, औषधोपचार नव्हे. ती सोय आणखी अर्ध्या शतकानें परळला झाली. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ तेथें उभें राहिलें, आणि १८८६ सालीं त्याच्या सोबतीनें मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. १८८९ मध्यें पुण्यास जनावरांच्या रोगांचें संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ मध्यें कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें गेली, आणि बरेलीजवळील इज्जतनगरची आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ही तिचीच वाढ होय.

या साऱ्या खटाटोपाचा रोख मुख्यतः गुरांच्या सांथींवर होता, आणि तें योग्यच होतें. बुळकांडी आली म्हणजे गोठेच्या गोठे ओस पडत. ती बुळकांडी २०११ सालीं साऱ्या पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें; पशुवैद्यकाचा याहून मोठा विजय दुसरा नसेल. मात्र ज्या शास्त्राची नजर शतकभर कळपावर खिळली होती, त्याला एकेकट्या जिवाच्या पोटांतल्या दुखण्याकडे पाहावयास उसंत उशिरां मिळाली. अमेरिकेंत पशूंच्या अंतर्विकारांच्या तज्ज्ञांची स्वतंत्र संस्था १९७३ मध्यें निघाली. आपल्याकडे साडेपांच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर दोन वर्षें आणखी अभ्यास करून, शस्त्रक्रिया निराळी व अंतर्विकार निराळे, असें विशेष शिक्षण घेतां येतें.

एका लक्षणाचीं दहा कारणें

साधा पशुवैद्य असतांना असल्या तज्ज्ञाची गरज ती काय, असें कोणी विचारील. एकच उदाहरण घेऊं. घरांतलें सात-आठ वर्षांचें कुत्रें अलीकडे पाणी फार पितें व लघवीही फार करितें. उन्हाळा आहे म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाहीं. पण याचा अर्थ मूत्रपिंडें निकामी होत आहेत, असा असूं शकेल. मधुमेह असूं शकेल. यकृताचा विकार असूं शकेल. मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथी बेसुमार स्राव करूं लागल्या असतील. आणि कुत्री माजावर येऊन महिना-दीड महिना झाला असेल, तर गर्भाशयांत पू सांचला असण्याचा संभव आहे. या शेवटच्या स्थितींत दोन दिवस थांबणें म्हणजे जीव गमावणें, आणि उपाय बहुतकरून शस्त्रक्रियेचा. मधुमेहांत उपाय इन्सुलिनचा, मूत्रपिंडाच्या रोगांत आहाराचा व सलाईनचा. लक्षण एक, आणि उपाय एकमेकांपासून इतके दूर! रक्त, लघवी, सोनोग्राफी यांचा मेळ घालून योग्य वाट निवडणें हेंच त्या तज्ज्ञाचें कसब.

मूत्रपिंडाची गोष्ट तर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. निसर्गानें या इंद्रियांत इतकी शक्ति राखून ठेविली आहे कीं, सुमारें दोनतृतीयांश काम बंद पडेपर्यंत लघवीचा दाटपणा टिकून राहतो, आणि सुमारें तीनचतुर्थांश काम बंद पडल्यावरच रक्तांतील क्रिएटिनिन ठळकपणें वाढतें. २०१५ पासून एसडीएमए नांवाची जी रक्तचाचणी प्रचारांत आली, ती याहून पुष्कळ आधीं सूचना देते. म्हाताऱ्या मांजरांत हा रोग फार आढळतो. आधीं कळला तर आहार बदलून वर्षानुवर्षें काढितां येतात. उशिरां कळला तर दिवस मोजावे लागतात.

इन्सुलिनचें ऋण

कुत्र्याला मधुमेह कसा होईल, असें म्हणणारांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मधुमेहाचें मूळ स्वादुपिंडांत आहे, हें माणसाला कळलें तेंच मुळीं कुत्र्यापासून. १८८९ सालीं जर्मनींत मिंकोव्स्की व फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकिलें, तों त्याच्या लघवींत साखर दिसूं लागली. १९२१ मध्यें टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिनचा गुण पाहिला तोही कुत्र्यांवरच. आज आपल्या घरोघरीं आजोबांना, काकांना जें औषध तारून नेतें, त्याच्या पायांशीं त्या मुक्या जिवांचे प्राण आहेत. तेंच औषध आज कुत्र्याला उपयोगी पडतें. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना तें जन्मभर, दिवसांतून दोनदां, जेवणाच्या वेळेशीं जुळवून द्यावें लागतें. मांजराचें मात्र नशीब कांहींसें बरें. लौकर व नीट उपचार झाले तर कित्येक मांजरांचा मधुमेह मावळतोही.

येथें एकत्र कुटुंबाला आमची एक विनंति आहे. ज्या घरांत दहा माणसें, त्या घरांत कुत्र्याला औषध एक तर दोघांकडून दिलें जातें, नाहीं तर 'वहिनींनीं दिलें असेल' म्हणून कोणाकडूनच दिलें जात नाहीं. इन्सुलिनच्या बाबतींत पहिली चूक दुसरीहून भयंकर आहे. दुप्पट मात्रेनें रक्तांतली साखर एकदम उतरून प्राणी झटके येऊन मरूं शकतो. म्हणून औषध देणारें माणूस एकच असावें, आणि दिल्याबरोबर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी. खानदेशच्या उन्हांत इन्सुलिन बाहेर राहिलें तर निकामी होतें. तें फ्रिजमध्यें ठेवावें, पण बर्फाच्या कप्प्यांत कधीं ठेवूं नये.

दूधभातावरचें मांजर

आतां आमच्या वाचकांच्या घराशीं अगदीं निगडित असा एक विषय सांगतों. आपलीं बरींच घरें शाकाहारी. तेव्हां मांजरही दूध, भात, पोळी यांवर वाढतें. पूर्वीं यानें बिघडत नसे, कारण मांजर रात्रीं माळ्यावर व परसांत फिरून उंदीर खाई आणि आपली उणीव आपणच भरून काढी. आज घरें बंद झालीं, मांजर खिडकींत बसूं लागलें, आणि ताट मात्र तेंच राहिलें.

मांजराच्या शरीराला टॉरिन नांवाचें द्रव्य लागतें. माणूस व कुत्रा तें शरीरांत बहुतांशीं तयार करितात. मांजराला तें पुरेसें करितां येत नाहीं. तें मांसांत विपुल, दुधांत अल्प, व धान्यांत जवळजवळ नाहींच. त्याच्या अभावीं मांजराच्या डोळ्यांचा आंतला पडदा झिजतो, हें १९७५ मध्यें दिसून आलें. आणि हृदयाचा स्नायु पातळ होऊन तें फुगतें, हें १९८७ मध्यें अमेरिकेंत डॉ. पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. नवल असें कीं, टॉरिन दिल्यावर त्यांतलीं पुष्कळ हृदयें पुन्हां सुधारलीं. एकदां गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. ज्यांना स्वयंपाकघरांत मांस आणणें रुचत नाहीं, त्यांनीं टॉरिन घातलेला मांजराचा तयार आहार ओसरीवर निराळ्या भांड्यांत द्यावा. आपला धर्म आपण पाळावा. मांजराच्या देहाचा धर्म त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास पाळतां येणार नाहीं. कुत्र्याचें तसें नाहीं. विचारपूर्वक योजलेल्या शाकाहारावर तें धडधाकट राहूं शकतें.

लंघन हें परमौषध, ही आपली घरगुती समजूतही मांजराला लागू करूं नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें कीं अंगांतली चरबी यकृतांत सांचून कावीळ होते, व त्यांतून तें दगावूं शकतें. तसेंच ताटांतल्या कांहीं वस्तु दोघांनाही वर्ज्य समजाव्या. कांदा व लसूण यांनीं रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षें व मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बंद पडल्याचीं उदाहरणें आहेत; चिंचेविषयींही अलीकडे पशुवैद्यांना तीच शंका आली आहे. सणावारीं तळणीचे पदार्थ व तुपांत भिजलेली पुरणपोळी प्रेमानें पुढें टाकिली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रें ओकत पडतें.

सर्वांत मोठी चूक औषधाच्या डब्याची. तापाची म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणें म्हणजे विष देणें. तिचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतांत फार तोकडी असते, आणि एका गोळीनेंही तें मरूं शकतें. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीं दुखण्यावरचीं औषधें कुत्र्याच्या आंतड्यांना व मूत्रपिंडांना मारक आहेत. डायक्लोफिनॅकच्या एका प्रतापाची आठवण तर सर्वांनीं ठेवावी. तें दिलेल्या गुरांचीं प्रेतें खाऊन आपल्या देशांतलीं गिधाडें जवळजवळ संपलीं, आणि २००६ मध्यें जनावरांसाठीं त्यावर सरकारला बंदी घालावी लागली.

गोचिडीचा ताप

खानदेशांतल्या कुत्र्याच्या अंतर्विकारांत गोचीडतापाचा विचार आधीं करावा. तपकिरी गोचीड उष्ण हवेंत भिंतींच्या फटींतून भराभर वाढते, आणि तिच्या चाव्यानें अर्लिशिया नांवाचे जंतु रक्तांत शिरतात. त्यांचा शोध १९३५ मध्यें अल्जीरियांत लागला. प्रथम ताप येतो व अन्न सुटतें. मग कांहीं दिवसांत कुत्रें बरें झाल्यासारखें दिसतें, आणि येथेंच घरचीं माणसें फसतात. जंतु प्लीहेंत दडून राहतात. महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, रक्तांतल्या प्लेटलेट उतरून नाकांतून रक्त येतें व हिरड्या पांढऱ्या पडतात. आरंभीं डॉक्सिसायक्लिन हें स्वस्त औषध चार आठवडे नेमानें दिलें तर गुण येतो. आठव्या दिवशीं 'आतां बरें आहे' म्हणून बंद केलें तर रोग पुन्हां उचल खातो. अखेरच्या अवस्थेंत मात्र रक्त चढवूनही हातीं कांहीं लागत नाहीं.

घरांत काय पाहावें, कोठें न्यावें

तज्ज्ञाची अर्धी विद्या घरच्या माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे. पाण्याचें भांडें मोजून भरावें. कुत्रें दर किलो वजनामागें दिवसाला १०० मिलिलिटरांहून अधिक पाणी सतत पीत असेल, तर लघवी व रक्त तपासावें. दरमहा वजन करावें. माणसानें कुत्र्याला घेऊन तागडीवर उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. गाढ झोपेंतले श्वास मिनिटभर मोजावे. तीस-पस्तिसांच्या वर ते रोज जाऊं लागले तर हृदय थकून फुप्फुसांत पाणी सांचत असल्याची ती खूण असूं शकते. हिरड्या गुलाबी असाव्या. पांढऱ्या, पिंवळ्या किंवा निळसर दिसल्या तर त्याच दिवशीं निघावें. बोका लघवीला वारंवार बसतो व थेंबही येत नाहीं, तर रात्र काढूं नये. आणि एक समजूत दुरुस्त करावी : माणसाला १०२ अंश फारेनहाइट म्हणजे ताप; कुत्र्या-मांजराची ती निरोगी उष्णता आहे.

पहिली पायरी गांवच्या पशुवैद्याचीच. तालुक्यांतला सरकारी दवाखाना व जिल्ह्याचें पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय यांचा पुष्कळसा वेळ गुरांत जातो हें खरें. पण रक्त काढणें, सलाईन लावणें, नमुने प्रयोगशाळेकडे पाठविणें हीं कामें तेथें होऊं शकतात. आज दूरध्वनीवरून गांवचा डॉक्टर मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञाशीं बोलूं शकतो. तेव्हां प्रत्येक आजारी जिवाला तीनशें किलोमीटरांचा प्रवास घडविलाच पाहिजे असें नाहीं. जेथें तो घडवावा लागेल तेथें परळचें जुनें महाविद्यालय, नागपूर, परभणी, उदगीर व सातारा जिल्ह्यांतील शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयें हीं ठिकाणें आहेत. २०२४ च्या जुलैंत मुंबईस महालक्ष्मी येथें टाटा ट्रस्ट्सचें लहान प्राण्यांचें रुग्णालय सुरू झालें; अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन, एमआरआय अशा माणसांच्या मोठ्या रुग्णालयांतल्या सोयी तेथें आहेत.

जातांना जुने कागद, चालूं औषधें, घरांत ठेविलेली नोंद, आणि खोकला किंवा झटका आला असतांना मोबाइलवर घेतलेलें चित्रण बरोबर असावें. उन्हाळ्यांत पहांटे निघावें; बंद मोटारींत प्राण्याला दहा मिनिटेंही एकटें ठेवूं नये.

खर्च, आणि शेवट

आतां अवघड प्रश्न. घरांत मुलांच्या फिया आहेत, आजीचे डोळे करावयाचे आहेत, आणि कुत्र्यासाठीं हजारों रुपये कोठून आणावे? हा प्रश्न विचारणारा कर्ता पुरुष निर्दय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र त्यानें डॉक्टरांना दोन गोष्टी मोकळेपणें विचाराव्या : या तपासणीनें उपचारांत कांहीं फरक पडणार आहे काय? आणि या उपचारानें प्राण्याचे किती दिवस, व कसे दिवस, वाढतील? पुष्कळ वेळां उत्तर आशादायक असतें. वृद्ध कुत्र्यांत हृदयाची झडप निकामी होऊन हृदय मोठें होतें. अशा अवस्थेंत पायमोबेंडन हें औषध वेळीं सुरू केलें तर हृदय थकण्याची वेळ सरासरीनें सव्वा वर्षानें पुढें जाते, असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत आढळलें. कुत्र्याच्या आयुष्यांत सव्वा वर्ष म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

कधीं उत्तर निराशेचें येतें. मग जीव सुखानें जावा म्हणून पशुवैद्य जें शेवटचें इंजेक्शन देतात, तें द्यावें कीं नाहीं, यावर घरांत मतभेद होतात. कोणाला तें पाप वाटतें, कोणाला न देणें पाप वाटतें. आमच्या मतें दोघांचीही भावना आदरास पात्र आहे. पण निर्णय प्राण्याकडे पाहून व्हावा, आपल्या मनाच्या सोयीकडे पाहून नव्हे. इंजेक्शन नको असेल, तर वेदना कमी करणारीं औषधें, पाणी, सावली व माणसाचा सहवास हीं तरी त्याला शेवटपर्यंत मिळालींच पाहिजेत. 'आतां कांहीं उपाय नाहीं' म्हणून त्याला परसांत एकटें सोडणें, हा तिसरा मार्ग मात्र कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

घरांतलीं मुलें हें सारें पाहात असतात. न बोलणाऱ्याचें दुखणें घरांतलीं वडीलमाणसें ओळखतात कीं नाहीं, हें तीं शिकत असतात. आणि पुढें आपल्या म्हातारपणीं, आपणच नीट बोलूं शकेनासें झाल्यावर, तें शिक्षण आपल्याच उपयोगीं पडावयाचें आहे. तूर्त वाचकांनीं इतकेंच करावें : आज रात्रीं ओसरीवरचें कुत्रें झोपीं गेलें म्हणजे घड्याळ हातांत घेऊन त्याचे श्वास मोजावे, आणि तो आंकडा वहींत लिहून ठेवावा.